दहाव्या सहीपर्यंत

मी एक जुनी नारिंगी बंडी आहे. किती जुनी, ते माझ्या रंगावरूनच ओळखा. एके काळी मी इतकी भडक होते की माझ्याकडे बघताना लोक डोळे बारीक करायचे. आता उन्हापावसाने माझा रंग उकडलेल्या गाजरासारखा झाला आहे. मला बाह्या नाहीत, खिसे नाहीत, बटणं नाहीत. दोन्ही बाजूंना दोन-दोन नाड्या आहेत, त्यांतली एक तुटून पुन्हा जोडलेली आहे.

मित्रांनो, इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या सपाट शेतांमधली विमानांची एक जुनी धावपट्टी आता मोटारसायकलींच्या शर्यतींना वापरतात. त्या जागेला स्केल्बी म्हणतात. तिथल्या हौशी क्लबाच्या प्रमुख मिसेस मार्जरी प्लॅट यांनी एका फाटक्या तंबूच्या कापडातून मला शिवलं. जो कोणी ट्रॅकवर पहिल्यांदा उतरेल त्याने मला अंगात घालायचं, असा क्लबाचा नियम आहे. मग दहा शर्यती धडपणे पुऱ्या करायच्या. प्रत्येक शर्यतीनंतर मिसेस प्लॅट त्याच्या वहीत एक सही करतात. दहा सह्या झाल्या की मला काढून परत द्यायचं. दोन हंगामांत दहा झाल्या नाहीत तर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

तेव्हा मी कुणालाच आवडत नाही, हे वेगळं सांगायला नको. लग्नाचा पोशाख माणसं जपून ठेवतात; मला कधी एकदा काढून फेकू असं त्यांना होतं. मला पाहून मागच्याने म्हणावं, पुढचा नवशिका आहे, जरा जपून जाऊ, एवढ्यासाठी मी आहे. काही जण तसं म्हणतात. काही जण म्हणतात, नारिंगी दिसली, चला घुसा!

मी पाठीवर असल्यामुळे मला पुढचं काही दिसत नाही. शर्यतीच्या गाड्यांचे आरसे काढून ठेवतात, कारण चालवणाऱ्याने पुढेच बघायचं असतं. त्यामुळे मागे काय चाललंय ते त्याला कळत नाही आणि मला मात्र सगळं कळतं. हे काही फार सुखाचं नाही. माझ्या पहिल्याच माणसाच्या वेळी मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तो रोरी नावाचा उमदा तरुण होता. पण त्याची गोष्ट कळायला तुम्हाला आधी एका तारेबद्दल सांगायला हवं. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचा बोल्ट असतो. गाडीच्या थरथरीने तो सैल होऊन गळून पडला, तर उकळतं तेल आपल्या मागच्या चाकावर आणि मग सगळ्या ट्रॅकवर सांडतं. म्हणून त्या बोल्टच्या डोक्याला भोक पाडून त्यातून बारीक तार ओवतात, पक्कडीने पिळतात आणि दुसरं टोक इंजिनाला बांधतात. मग बोल्टाने कितीही मनात आणलं तरी त्याला सुटता येत नाही. सकाळी तपासनीस येतो आणि प्रत्येक गाडीची ती तार स्वतःच्या बोटाने चाचपून बघतो.

रोरीची तार सकाळी होती. दुपारी त्याने तेल बदललं आणि तार बांधायची राहिली. शर्यतीत मागचं चाक एकदा जरासं सरकलं, तेव्हा त्याची पाठ दचकलेली मला कळली. त्याला शंका आली होती, मित्रांनो. पण तो गेला तसाच पुढे. असेल ठीक, असं त्याने मनाशी म्हटलं असणार. पुढच्या वळणावर स्टॅन्ली नावाचा घराघरांत गॅस जोडून देणारा माणूस आमच्या मागे होता. त्याची गाडी अशी गेली की जणू खालून कुणी सतरंजी ओढली. रोरीला ते दिसलं नाही. मला दिसलं. स्टॅन्लीच्या कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं आणि तो पुन्हा कधी गाडीवर बसला नाही. रोरीने त्याच संध्याकाळी मला मिसेस प्लॅट यांच्या टेबलावर ठेवलं. तोही परत आला नाही.

त्यानंतर मी बऱ्याच पाठींवर बसले. काहींच्या दहा सह्या झाल्या, काहींनी दोनातच नाद सोडला. मग एका एप्रिलमध्ये, सरावाच्या दिवशी, हेझल ट्रँटर आली. गावोगाव पत्रं वाटणारी बाई, वय चव्वेचाळीस. तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ नेव्हिल होता. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि बोलायला मोठा कंजूष होता, पण बहिणीची टिंगल करायची असली की त्याला शब्द सुचायचे.

"हेझ, हे घालून तू रस्त्यावर खड्डे बुजवणारी दिसतेस," तो म्हणाला.

"आणि तू खड्डा. नाड्या बांध मुकाट्याने."

त्या दिवशी शर्यत नव्हती, नुसता सराव होता. वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या, आणि सगळ्यात हळू असणाऱ्यांची पाळी वेगळी. तरीही हेझलने पहिल्या अख्ख्या फेरीत श्वास घेतला नसावा. तिची पाठ फळीसारखी ताठ होती. शिकवणाऱ्याने बजावलं होतं की हँडल असं धर जसं हातात चिमणी धरली आहे. तिने त्या चिमणीचा जीवच घेतला असता. मागून एक जण आला आणि इतक्या जवळून गेला की माझी नाडी त्याच्या कोपराला लागली. हेझलच्या तोंडून एक शब्द निघाला, तो मी इथे सांगणार नाही.

पाळी संपल्यावर तिची बोटं हँडलवरून सुटेनात. नेव्हिलने ती एकेक करून सोडवली.

"कसं होतं?" त्याने विचारलं.

"भयंकर."

"मग घरी जायचं का?"

"वेडा आहेस का तू? पुढची पाळी किती वाजता आहे?"

त्या क्षणी मला ही बाई आवडली. पहिल्या शर्यतीत ती शेवटून पहिली आली आणि सही मिळाल्यावर तिने मिसेस प्लॅट यांचा हात इतका जोरात हलवला की त्यांची टोपी सरकली. मग एकेक सही होत गेली. एका शर्यतीत इंजिन बिघडलं, एकदा धुक्यामुळे शर्यतच रद्द झाली, एकदा ती वळणावर आडवी झाली आणि मी गवताने हिरवी झाले. दोन हंगाम होत आले आणि वहीत नऊ सह्या होत्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी शेवटची शर्यत होती. तीत धडपणे पोचली असती तर मी सुटले असते आणि तीही.

सकाळच्या सरावानंतर गाडीखाली तेलाचे दोन थेंब दिसले. बोल्टखालचा वॉशर झिजला होता. हेझलने तेल काढलं, बोल्ट काढला, नवा वॉशर घातला, बोल्ट आवळला, तेल भरलं. स्वतःच्या गाडीचं काम ती स्वतः करायची. मग तिने तार घेतली, पक्कड घेतली आणि गाडीशेजारी पाठीवर आडवी झाली. मी तिच्याखाली ओल्या मातीत दाबली गेले. इतक्यात भोंग्यातून मिसेस प्लॅट यांचा आवाज आला. पाऊस येतोय, शर्यत अर्धा तास अलीकडे घेतली आहे, सगळ्यांनी सूचना ऐकायला ताबडतोब यावं. जो येणार नाही तो धावणार नाही.

हेझल उठली आणि मला अंगावर घेऊन धावली. सूचना झाल्या. परत आली तेव्हा नेव्हिलने गाडी सुरू करून ठेवली होती, हेल्मेट हातात तयार होतं. हातमोजे, हेल्मेट, चला. मला ते सगळं फार घाईचं वाटलं, पण बंडीला कोण विचारतो?

रांगेत अठरा गाड्या उभ्या राहिल्या. हेझल अकरावी होती. शर्यत सुरू करणारा दिवा लागायला थोडा वेळ होता. आणि तेवढ्यात तिच्या पाठीतून एक कळ गेल्यासारखी मला जाणवली. तिने खाली, इंजिनाकडे बघितलं. तिला आठवलं होतं. म्हणजे, आठवत नव्हतं. पक्कड हातात घेतल्याचं आठवत होतं, मातीत आडवं झाल्याचं आठवत होतं. तार पिळल्याचं आठवत नव्हतं.

नेव्हिल ट्रॅकच्या कडेच्या भिंतीपलीकडे उभा होता. अठरा इंजिनांचा एवढा गोंगाट होता की ढोल वाजवला असता तरी ऐकू आला नसता. हेझलने बोटाने गाडीखाली दाखवलं आणि पंजा हलवून विचारलं. नेव्हिलने अंगठा वर केला. आता त्या अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा? तो प्रत्येक शर्यतीच्या आधी अंगठा वर करायचा. तिने पुन्हा खाली बोट दाखवलं. त्याने दोन्ही अंगठे वर केले.

दिवा लागला.

आठ फेऱ्या होत्या. पहिलीत हेझल भलतीच सावध चालवत होती आणि दोघे तिला मागे टाकून गेले. दुसऱ्या फेरीपासून मात्र तिचं अंग आपोआप मोकळं झालं, कारण गाडी छान चालत होती. पावसाची भुरभुर सुरू झाली होती. अशा ओल्या ट्रॅकवर दणकट तरुण बिचकतात. हेझल रोज पहाटे पावसापाण्यात पत्रं वाटणारी. दोघांना तिने लांब सरळ पट्टीवर गाठलं, आणखी दोघांना वळणाच्या आत. चौथ्या फेरीला ती नववी होती. एवढी पुढे ती कधीच नव्हती.

मागे काय होतं ते मी सांगते. पिवळ्या हेल्मेटचा ओवेन आमच्या मागच्या चाकाला चिकटून येत होता. त्याच्या मागे एका रेषेत आणखी सहा जण. शेवटचे दोघे फार मागे पडले होते. शर्यतीत सगळे एकाच वाटेने जातात, कारण तीच सगळ्यात जलद वाट असते. म्हणजे आमच्या गाडीतून जे काही सांडेल त्यावरूनच ते सातही जण जाणार होते. मी ट्रॅककडे टक लावून बघत होते. पण ओलं डांबर काळं, तेलही काळं. सगळंच चकाकत होतं.

पाचव्या फेरीत सरळ पट्टीवर हेझलने डावा हात सोडला आणि बूट चाचपला. हातमोजा ओला झाला. पाण्याने की तेलाने? तिने बोटं एकमेकांवर घासून बघितली. ओल्या चामड्याला काय कळणार! पुढच्या वळणावर मागचं चाक किंचित सरकलं. पावसात सगळ्यांचंच सरकतं. ओवेनचंही सरकलं होतं, मी पाहिलं.

मित्रांनो, मला तेव्हा काय वाटत होतं ते खरं सांगते. अर्धं मन म्हणत होतं, थांब, बाई, थांब. अर्धं म्हणत होतं, तीनच फेऱ्या राहिल्यात, बोल्ट आवळलेला आहे, नुसती तार नसेल, एवढ्यात काय होतंय? पुरी कर, सही घे, मला काढ आणि पुढे जा. अशा वेळी असेल ठीक हे शब्द किती गोड लागतात, ते मला त्या दिवशी कळलं. रोरीला मी इतकी वर्षं मनातल्या मनात दोष देत आले होते. त्याच्यावर मी अन्याय केला होता असं नाही, पण त्याचा पाय कुठे घसरला ते मला त्या दोन मिनिटांत कळलं.

सहावी फेरी संपली. हेझलचा श्वास जोरजोरात चालला होता. मिसेस प्लॅट यांच्यासमोरून आम्ही गेलो, पाटीवर उरलेल्या फेऱ्यांचा आकडा होता, दोन. पुढे ते वळण आलं जिथे स्टॅन्ली पडला होता. हेझलला त्याचं नावही माहीत नव्हतं.

वळणाच्या आधीच तिने डावा हात उंच केला. ज्याला ट्रॅकवरून बाहेर पडायचं असतं तो हात वर करतो. ओवेन दचकून बाजूला झाला. हेझलने गाडी जलद वाटेवरून काढली, कडेला घेतली, गवतावर नेली आणि थांबवली. सात गाड्या धडधडत निघून गेल्या. सातही जण त्या वळणातून सुखरूप बाहेर पडले. मी मोजत होते.

झेंडा घेतलेला माणूस धावत आला. "काय झालं? लागलं का?"

"नाही. गाडी धरा जरा."

त्याने गाडी धरली आणि हेझल ओल्या गवतावर सपाट पडली. हेल्मेटची काच वर करून तिने इंजिनाखाली डोकं घातलं. मी गवतात तोंड खुपसून होते, मला काही दिसत नव्हतं. तिने हातमोजा काढून बोल्ट बोटाने चाचपला.

"तार आहे," शेवटी ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. तार आहे."

नवी कोरी तार होती, व्यवस्थित पिळलेली, टोक आत वळवलेलं. बोल्ट घट्ट. तेलाचा एक थेंब नाही. पलीकडे शर्यत संपल्याचा झेंडा पडला. हेझल तशीच गवतात बसून राहिली. आधी ती हसली, आणि मग तिला रडू आलं.

गाड्या उभ्या करायच्या तळावर नेव्हिल तिच्याकडे पळत आला. "काय झालं गं? इतकी मस्त चालली होतीस!"

"ती तार कुणी पिळली?"

"मी. तू सूचना ऐकायला गेलीस तेव्हा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"अगं, अंगठा दाखवला की! एक नाही, दोन!"

"तू माझ्या लग्नातही दोन अंगठे दाखवले होतेस, नेव्ह! मी काय समजायचं त्यातून?"

"मला वाटलं तुला माहीत असेल," तो हळूच म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडला की हेझलला पुढे रागावताही येईना. एक वाक्य होतं. दोन शब्दांचं. तार पिळली. तेवढं तोंडातून निघालं असतं तर वहीत दहावी सही असती.

मग ते दोघे मिसेस प्लॅट यांच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले. आसपासचे चार-पाच जण हसत होते. एक जण म्हणाला, "टपालवाल्या बाई, चुकीच्या पत्त्यावर उतरलात वाटतं!" हेझलने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"माझी चूक होती," नेव्हिल म्हणाला. "तार बांधलेली होती. मी तिला सांगितलं नाही. सही देता येणार नाही का?"

"शर्यत पुरी केली का तिने?"

"नाही, पण..."

"मग पण कशाला?" मिसेस प्लॅट म्हणाल्या. त्यांनी हेझलकडे बघितलं. "तार होती म्हणतोय हा. मग तू थांबलीस कशाला?"

"आहे हे मला माहीत नव्हतं."

"मागे किती जण होते?"

"ते मला कसं कळणार, मिसेस प्लॅट? आरसे कुठे असतात आम्हाला?"

मिसेस प्लॅट यांनी पेन खाली ठेवलं. त्या पावसातून पलीकडे बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या विकणाऱ्या गाडीकडे बघत राहिल्या. तिथे पोरं उभी होती, ओवेन आणि बाकीचे, ओल्या केसांची. काचऱ्या मऊ पडल्यात आणि व्हिनेगर कमी घातलंय म्हणून ती विक्रेत्याशी भांडत होती. आपल्या बाबतीत आज काही घडलं किंवा घडलं नाही, याचा त्यांतल्या एकालाही पत्ता नव्हता.

"सात," मिसेस प्लॅट म्हणाल्या. "मी मोजले." "त्या सातांपैकी कुणाच्याही घरी मला आज फोन करावा लागला नाही. नियम आहे, सही देता येत नाही मला. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी पहिली शर्यत आहे. मोजणी एकपासून." हेझलने माझ्या नाड्या सोडायला सुरुवात केली, तसा त्यांनी हात आडवा केला. "ती राहू दे. घरी ने, धुऊन ठेव. मी ती दुसऱ्या कुणाला देणार नाही."

इतक्या वर्षांत माझं कौतुक झालेलं हे पहिल्यांदाच. तो हिवाळा मी क्लबातल्या खिळ्यावर नाही, हेझलच्या कपाटात काढला. ती आणखी एक-दोन वर्षं माझी झाली याचा मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली, कारण तिला मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं. नेव्हिल मात्र सुधारला. आता तो तार पिळली की तळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडतो, "हेझ, तार पिळली!" आणि ती जिथे असेल तिथून ओरडते, "ऐकलं!" लोक हसतात. पण अलीकडे इतर दोघातिघांनीही तसं ओरडायला सुरुवात केली आहे.

मित्रांनो, मी कापडाचा एक तुकडा. तुम्हाला शिकवणारी मी कोण? तरी एक मागते. दुसऱ्यासाठी काही केलंत तर ते बोलून सांगा. गॅस बंद केला, कडी घातली, सायकलचा ब्रेक आवळला, जे काही असेल ते. समोरच्याला माहीत असेल, असं धरून चालू नका. शंका आली तर थांबा. ती खोटी ठरली आणि लोक हसले तर हसू द्या. आणि रस्त्यात पुढे एखादी शिकाऊ माणसाची गाडी रडतखडत चालली असेल, तर तिच्या पाठीमागे हॉर्न वाजवू नका. थोडं अंतर ठेवा. अंतराला काही खर्च येत नाही.

आज हेझलच्या वहीत चार सह्या आहेत. त्या दिवशी तिच्या मागे असलेले सातही जण या हंगामात पुन्हा शर्यतीला येतात. ओवेनने तर कालच तिला शेवटच्या वळणावर मागे टाकलं आणि वळून बघितलंसुद्धा नाही.